तोंड गोड करण्याचा मान

॥ श्री ॥
जळगाव, ता. ११ मार्च १९९६

चि. सौ. रेवतीस,

द्वारकाचे आशीर्वाद. शनिवारी मी बोलत असताना तू फोन ठेवलास आणि नंतर हरिभाऊजींकडून निरोप दिलास की लाइन कट झाली. माझं बोलणं चालू असतानाच नेमकी कट व्हायची अक्कल त्या लाइनला कुठून येते, ते मला चांगलं ठाऊक आहे. म्हणून हे पत्र. यातला मजकूर कट होत नाही.

कार्तिकात मामंजी गेले. दिवसकार्य उरकलं आणि तू आईंना महिनाभर हवापालट म्हणून दिल्लीला नेलंस. आता होळी होऊन गेली, तरी तुझा महिना काही संपत नाही. जाताना त्यांनी दोन लुगडी नेली होती. उरलेला संसार इथंच आहे आणि त्यांची जागाही इथंच आहे.

आता आखाजी येईल, तुमच्याकडची अक्षय्य तृतीया. मामंजींच्या नावची पहिली घागर भरायची, ती त्यांनी बांधलेल्या घरात. आपल्या घराण्याची रीत तुला कदाचित कुणी सांगितली नसेल, ठाण्याच्या माहेरी या गोष्टी कुठून असणार. नवरा गेलेली बाई पहिल्या आखाजीपर्यंत गोडाला शिवत नाही. त्या दिवशी सुनेनं तिला आपल्या हातानं खापराची पुरणपोळी भरवायची आणि तोंड गोड करायचं. आणि जिच्या घरी ती पोळी खाल्ली, तिच्याच घरी पुढचे दिवस काढायचे. मामंजींच्या आईचं असंच झालं होतं. थोरली सून मी आहे, त्यामुळे मान माझा, आणि घरही हेच. भाऊबंदांना मी आमंत्रणं देऊन मोकळी झाले आहे.

आई तुला कशासाठी हव्यात हे न कळण्याइतकी मी दूधखुळी नाही. धवलची शाळा दुपारी सुटते, तू त्या एक्सपोर्टच्या कंपनीतून दिवेलागणीला येतेस. मधल्या वेळात पोराला वरणभात कोण देतं, हे इथपर्यंत दिसतं. सासूला फुकटची आया करायची आणि वर सेवा करते म्हणून सांगायचं, याला दिल्लीत काय म्हणतात ते कळव.

आखाजीच्या आठ दिवस आधी भाऊजींनी आईंना इथं आणून सोडावं. तुला रजा मिळत नसेल तर तू आली नाहीस तरी अडणार नाही. धवलला आशीर्वाद. लोभ आहे तेवढाच राहू दे, वाढवण्याची घाई नाही.

तुझी थोरली जाऊ,
द्वारका

॥ श्री ॥
नोएडा, सेक्टर २६
ता. १९ मार्च १९९६

ती. सौ. द्वारकावहिनी यांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. लाइन खरोखरच कट झाली होती. तुमचा विश्वास बसत नसेल तर टेलिफोन खात्याला पत्र लिहा, तुम्हाला तसाही पत्रांचा उत्साह आला आहे.

आईंना आया म्हणालात ते वाचून मला हसावं की रडावं कळेना. मागच्या उन्हाळ्यात त्यांचं मनगट सुजलेलं असताना कुरडयांच्या सोऱ्यावर कोण बसलं होतं? तुम्ही तेव्हा मैत्रिणींबरोबर शिर्डीला होतात. आल्यावर डबे भरले, लेबलं लावली आणि साऱ्या गल्लीला स्वतःच्या हातच्या कुरडया म्हणून वाटल्या. यंदाही उन्हं तापायला लागली आणि नेमकी तेव्हाच तुम्हाला सासूची आठवण झाली, हा योगायोग मी भाबडेपणानं मान्य करते. इथं त्या धवलला वरणभात देतात हे खरं आहे. पण इथं त्यांच्या खोलीतला पंखा चालतो. तिकडे तो दोन वर्षं नुसता लटकत होता.

रीत मला माहीत नव्हती, पण आता तुम्हीच लिहून दिलीत ते बरं झालं. त्यात सून म्हटलं आहे. थोरली सून असं कुठंच म्हटलेलं नाही. मीही सूनच आहे, वाजतगाजत आणलेली. त्यामुळे आईंचं तोंड मी इथं गोड करणार आहे आणि त्या इथंच राहतील. घागर तुम्ही तिकडे भरा, आम्ही इकडे भरू. मामंजी दोन्हीकडे पाणी प्यायला येतील, त्यांना कोणाचंच वावडं नव्हतं.

होळीला मी तव्यावर पुरणपोळ्या केल्या. आईंनी रीतीप्रमाणे हात लावला नाही, पण त्यांनी मला विचारलं की या एवढ्या मोठ्या दिल्लीत खापराची पोळी करणारं कोणी असेल का. नंतर बराच वेळ त्या बाल्कनीत बसून होत्या. मामंजी गेल्यापासून त्यांनी तोंडानं एवढी एकच गोष्ट मागितली आहे. त्यांना ती मिळालीच पाहिजे, असं मी ठरवलं आहे.

शोध सुरू केला आहे. करोल बागेतल्या एका हलवायानं सगळं ऐकून घेतलं, बिल्कुल मिल जाएगा म्हणाला आणि गूळ भरलेला तुपकट पराठा हातात ठेवला. एका मराठी दुकानात पुण्याहून आलेल्या पुरणपोळ्या मिळाल्या. प्लास्टिकच्या पिशवीत, तळहाताएवढ्या, वहीच्या पुठ्ठ्यासारख्या. ऑफिसातल्या एका बाईंनी सांगितलं की आता बाजार खुला झालाय, पैसे टाकले की दिल्लीत जगातलं काहीही मिळतं. त्यांच्या घरी परदेशी चॉकलेटं आहेत, पण खापर म्हणजे काय हे सांगताना माझी पुरेवाट झाली. धवलनं ते उलटा मटका असं समजावलं, तेव्हा कुठं त्यांना कळलं. मी काही हार मानणारी नाही.

बळवंतदादांना नमस्कार. आपला लोभ मला पुरून उरतो आहे, त्यात भर नको.

आपली,
रेवती

॥ श्री ॥
जळगाव, ता. २६ मार्च १९९६

सौ. रेवतीस,

तुझं पत्र मी यांना वाचून दाखवलं. यांनी पेपर उघडला. हरिभाऊजीही तिकडे तेच करत असतील. दोघा भावांचं एवढ्या एका गोष्टीत एकमत आहे.

खापर म्हणजे उलटा मटका, हे तुझ्या मुलाला वाटणं मी समजू शकते. त्याला कोणी शिकवलंच नाही. पण तूही पोत्यानं पैसे घेऊन बाजारात ते शोधायला निघालीस, याची कीव येते. खापर घडवणारा कुंभार वेगळा असतो. खाली लाकडाचा जाळ लागतो. कणीक तिंबून तिंबून रबरासारखी करावी लागते, आणि पुरणाचा गोळा भरून पोळी लाटण्यानं नाही तर हातांवर झुलवत कोपरापर्यंत वाढवावी लागते. मग ती तशीच खापरावर टाकायची. आमच्या घरच्या पोळीतून पलीकडचं माणूस दिसतं. दरवर्षी पंगत उठताना लोक माझ्याकडे येऊन सांगतात की अशी पोळी पंचक्रोशीत होत नाही. तुझ्या त्या फ्लॅटमध्ये गॅसवर तू काय करणार? नाक खुपसायलासुद्धा निदान जागा माहीत असावी लागते.

कुरडयांचं तू काढलंस. मी शिर्डीला गेले होते ते आईंच्याच नवसासाठी. पण तुला स्पष्टीकरण देत बसायला मी तुझी मोलकरीण नाही. आणि पंख्याचं म्हणशील तर आईंनाच पंख्याचा वारा सोसत नव्हता, त्यांनी स्वतः नको म्हणून सांगितलं होतं. त्यांना विचार.

इथं काय चाललंय तेही ऐक. कालच हळदीकुंकवाला बायकांनी मला विचारलं की धाकटी सून सासूला परत का पाठवत नाही, काही इस्टेटीचं आहे का. मला मान खाली घालावी लागली. चाळीस वर्षं आई ज्या घरात वावरल्या, त्या घरात आखाजीच्या दिवशी त्या नसतील, तर खापरापुढं भाऊबंदांना मी काय तोंड दाखवू? हा माझा एकटीचा हट्ट नाही, घराच्या अब्रूची गोष्ट आहे.

म्हणून यांनी तिकीट काढलं आहे. भुसावळहून गाडी पकडून हे तेरा एप्रिलला तिथं पोचतील आणि आईंना घेऊन येतील. आईंची पिशवी भरून ठेव. दारात तमाशा नको, शेजारी पंजाबी असले तरी त्यांना डोळे आहेत.

लोभ असता तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

द्वारका

॥ श्री ॥
नोएडा, ता. ४ एप्रिल १९९६

ती. सौ. वहिनींस,
नमस्कार.

बळवंतदादांचं तिकीट रद्द करावं. आई कुठंही जाणार नाहीत. पिशवी भरलेली नाही आणि भरली जाणारही नाही.

तुम्हाला आनंद व्हावा म्हणून आधी माझी फजिती सांगते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावून कळेल. मी कुंभाराकडून एक मोठा मटका आणला, गच्चीवर विटा मांडल्या, पेटीची जुनी लाकडं पेटवली आणि मटका उपडा घातला. तो तापला आणि बंदुकीसारखा फुटला. एक खापरी घरमालकांच्या पाण्याच्या टाकीवर जाऊन आपटली. ते धोतर सावरत वर आले आणि मला विचारू लागले की तुमच्या महाराष्ट्रात सण असे करतात का. मी त्यांना सॉरी म्हटलं. आई जिन्यात उभ्या राहून पाहत होत्या. त्या हसल्या, वहिनी. मामंजी गेल्यानंतर पहिल्यांदा त्या मोठ्यानं हसल्या, आणि त्याचं श्रेय मी तुमच्याशी वाटून घेणार नाही.

आता खरी बातमी. पाडव्याला महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मी येईल त्या बाईला खापराचं विचारत सुटले होते. परवा त्यातल्या एकीचा फोन आला. फरीदाबादला सुमित्रा म्हणून एक बाई आहे, मूळची चोपड्याची. तिचा नवरा शांताराम ट्रॅक्टरच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. बदली झाली तेव्हा तिनं बाकीची भांडी ट्रकच्या सामानात घातली आणि खापर मांडीवर घेऊन आली. मागच्या अंगणात चूल आहे आणि दर आखाजीला ती खापराच्या पोळ्या करते. मी फोनवर बोलले. तिची भाषा ऐकून आईंना इतकं बरं वाटलं की रिसीव्हर परत देईनात.

येत्या रविवारी आम्ही कालिंदी कुंजवरून बदरपूरमार्गे फरीदाबादला जाणार आहोत. आई नुसत्या बघतील की हात बरोबर आहे का. पसंत पडलं तर आखाजीच्या सकाळी हे गाडी घेऊन सुमित्राबाईंना खापरासकट इकडे आणतील. पोळ्या त्या करतील, आईंना पहिला घास मी भरवीन, माझ्याच हातानं. रीत शंभर टक्के पूर्ण. मग त्या कुठं राहतील हे तुमच्याच लेखी नियमानं ठरेल, आणि ते पत्र मी जपून ठेवलं आहे.

आखाजीची आमंत्रणं तुम्ही मला न विचारता दिलीत, तेव्हा ती परतवण्याचं कामही तुमचंच. भाऊबंदांना सांगा की सासू सुखात आहे. इथं सफेदा आंबा सुरू झाला आहे. केशर आंब्याइतका गोड नाही, पण रस होतो.

आपण थोरल्या, म्हणून शेवटी पुन्हा नमस्कार. लोभाचा विषय यापुढं न काढलेला बरा.

रेवती

॥ श्री ॥
नोएडा, ता. ८ एप्रिल १९९६

सौ. द्वारका आणि सौ. रेवती, दोघींना,
चंद्रप्रभाचा आशीर्वाद.

मी फार लिहीत नाही, म्हणून अक्षराला हसू नका. हा मजकूर मी दोन कागदांवर उतरवला आहे. एक जळगावला टपालानं जाईल आणि दुसरा रेवतीच्या उशीपाशी ठेवीन. कोणी कोणाला वाचून दाखवायला नको, आणि मधल्यामधे बदलायलाही नको.

तुमची पत्रं मी वाचली. द्वारका, तुझी इथं टेबलावर पडलेली असतात. रेवतीची मी टपालात टाकायला नेत होते, ती चिकटवण्याआधी. चोरून वाचली म्हणून कोणी मला बोलू नये. माझ्याबद्दलचीच होती.

काल आम्ही फरीदाबादला गेलो. सुमित्राच्या अंगणात विटांची चूल होती आणि वर खापर तापत होतं. पोरीचा हात चांगला आहे. मी सवयीनं पदर खोचला आणि कणकेच्या परातीशी जाऊन उभी राहिले. तिनं मला हाताला धरून बाजूला केलं आणि पाट मांडला. म्हणाली की आजी, आमच्याकडे आलेल्या माणसाला खापरापाशी उभं करत नाहीत. रेवती तेव्हा शांतारामबरोबर कोपऱ्यावर आंबे बघायला गेली होती. हरिदास गाडी उन्हातून काढत होता. सुमित्रानं खापरावरची पोळी काढली, दुमडली, माझ्या ताटात टाकली, तूप वाढलं आणि खा म्हणाली. तिला तुमची रीत ठाऊक नव्हती. मला ठाऊक होती. मी खाल्ली.

माझी जीभ भाजली. खापराच्या पोळीनं जीभ भाजते हे मला या वयात कळलं.

लग्न होऊन आले तेव्हापासून प्रत्येक आखाजीला मी खापरापुढं उभी आहे. पहिली पोळी देवाला, मग पितरांना, मग पुरुषांची पंगत, मग पोरं, मग बायका, मग तुम्ही दोघी. माझ्या वाटची राहायची ती टोपलीच्या तळाची, वाफेनं ओली झालेली, कडेला चिकटलेली. तीच मी पोळी म्हणून खात आले आणि लोक म्हणायचे की चंद्रप्रभेला खापराची पोळी फार आवडते. आवडते की नाही हे मला काल कळलं. फार आवडते. मी तीन खाल्ल्या आणि अजून मागितली.

रेवती, होळीला मी तुला विचारलं की खापराची पोळी करणारं कोणी असेल का. तुला वाटलं मला जळगाव आठवलं. मला करणारं कोणी हवं होतं, बाई. करणारं आणि बसवून वाढणारं. तू माझ्यासाठी सारी दिल्ली पालथी घातलीस, मटका फोडलास, हे मी विसरणार नाही. पण तू आंबे घेऊन परत आलीस, माझ्या हातात पोळी पाहिलीस आणि तुझा चेहरा पडला. गोड लागली का, हे तू विचारलं नाहीस. घरी आल्यावर म्हणालीस की हे जळगावला कळवायचं नाही. म्हणून मीच कळवते आहे.

द्वारका, भाऊबंदांना आमंत्रणं गेली. खापरावर कोण उभं राहणार होतं? तू ताटं वाढतेस आणि लोक तुझं कौतुक करून घरी जातात. पोळी हातावर कशी झुलवतात ते तू पत्रात छान लिहिलंस, पण इतक्या वर्षांत तू एकदाही हात पिठात घातला नाहीस. मला अब्रूसाठी बोलावलंस असं लिहितेस. बोलावलं होतं ते हातांसाठी. आणि पंखा मला सोसत नव्हता हे कधी म्हटल्याचं मला आठवत नाही.

दुपारी धवल शाळेतून आला की मी त्याला जेवू घालते, ते मला आवडतं. जळगावचं अंगणही मला आवडतं. यातलं काय जास्त आवडतं, हे मला तुम्ही कोणी विचारलं नाही. माझे दोन मुलगे आहेत, त्यांनीही नाही. एक पेपर वाचतो आणि एक गाडी उन्हातून काढतो.

आता रीतीचं. सुनेच्या हातचं गोड हवं होतं. सुमित्रा कोणाची तरी सून आहेच. आणि जिथं गोड खाल्लं तिथंच पुढं राहायचं म्हणाल, तर मी निघताना सुमित्राला विचारून पाहिलं. ती आधी हसली. मग माझं तोंड पाहून तिनं नवऱ्याकडे पाहिलं. दोन सुना असलेली बाई परक्या अंगणात असं विचारते, तेव्हा लाज कोणाला वाटायला हवी ते तुम्ही ठरवा. मला वाटली नाही. तो मान आता तुमच्यापैकी कोणाचाच उरला नाही, तेव्हा त्यावरून भांडायचं बंद करा.

मालकांची घागर जळगावलाच भरली जाईल. त्यांना दोन घरी फिरवू नका, जिवंतपणीही ते कुठं एकटे जात नव्हते. बळवंतनं इकडे यायची गरज नाही. मी हरिदासबरोबर येते, आणि रेवती, तू आणि धवलही यायचं. रजा नसेल तर काढायची. आखाजीला चूल बळवंत आणि हरिदास पेटवतील आणि लाकडं पुढं सारत तिथंच बसतील, पंक्तीत नाही. पुरण द्वारका शिजवेल, कणीक रेवती तिंबेल, खापरापुढं दोघी उभ्या राहतील. मी पाटावर बसेन. भाऊबंदांना पोळ्या कमी पडल्या तर भात वाढा.

पहिली पोळी फाटेल, दुसरी जळेल, मला माहीत आहे. मी शिकवायला उठणार नाही. फाटलेली खाईन, जळलेली खाईन, पण गरम वाढा आणि मी बसलेली असताना वाढा. पुढं कोणाकडे राहायचं ते मी जेवून झाल्यावर सांगेन.

तुमची सासू,
चंद्रप्रभा